नागपूरला नेण्याजोगा प्रश्न

आमच्या सरांना गोष्ट सांगायची सोय नव्हती. पक्षकार खुर्चीच्या कडेवर टेकून "काय झालं साहेब, माह्या मोठ्या बापानं..." असं सुरू करायचा अवकाश, सर पेन वर धरायचे. "मोठ्या बापाचं मंग पाहू. तुले कोर्टाले काय विचाराचं हाये, ते एका वाक्यात सांग." माणूस बिचारा गडबडून धाकट्या बहिणीच्या लग्नापासून सुरू करायचा. पेन पुन्हा वर. अर्ध्या तासानं घाम पुसत बाहेर येऊन तो मला हळूच विचारायचा, "मॅडम, साहेबाची तब्येत बरी हाये ना?"

तब्येत ठणठणीत होती. स्वभाव तसा होता, त्याला मी काय करू?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी अकरा वर्षं त्यांची ज्युनिअर होते. नेरहून रोज एसटीनं यायची. आमच्या बौद्धवाड्यातून काळा कोट घालणारी मी पहिली मुलगी, आणि वडील कंडक्टर, त्यामुळे बसमध्ये मान होता, कोर्टात नव्हता. सरांकडे जायच्या आधी तीन वकिलांनी मला "जागा नाही" म्हणून सांगितलं होतं. त्यातल्या एकाच्या ऑफिसात तर मी बोलत होते तेव्हा माझ्यापुढे दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी तोंडाची फटकळ आहे, पण त्या दिवशी गप्प राहिले, ते अजून सलतं.

सरांनी जागेचं काही काढलंच नाही. म्हणाले, "तुले वकिली काहून कराची हाये? एका वाक्यात. अन् प्रश्न करून सांग." सकाळपासूनचा राग डोक्यात होता. मी म्हटलं, "जागा आहे की नाही?"

सर इतके खूश झाले की खुर्ची मागे सरकवून उभेच राहिले. "हा प्रश्न बराबर घडला. याले दोनच उत्तरं हायेत. बस."

बसले. अकरा वर्षं बसले.

सरांचं वेड म्हणजे नागपूर. दिवाणी दावा आमच्याकडे तीन पायऱ्या चढतो. तालुक्याच्या कोर्टात साक्षी होतात, कागद लागतात, काय घडलं ते न्यायाधीश ठरवतात. हरलेला माणूस जिल्ह्याला अपिलात जातो. तिथंही साक्षी-कागद सगळं पुन्हा तपासून पाहतात. त्याच्यावर नागपूर, हायकोर्टाचं खंडपीठ. तिथं मात्र काय घडलं हे कुणी ऐकून घेत नाही. कोण खरं बोललं, धुरा म्हणजे शेताचा बांध कुणी कोरला, हे खाली ठरलं ते ठरलं. नागपूरला एवढंच विचारता येतं की हे ठरवताना कायदा चुकला का. तसा महत्त्वाचा प्रश्न अपिलात असला तर आत घेतात, नसला तर उंबऱ्यावरूनच परत. हे सगळ्याच वकिलांना माहीत असतं. बाकीचे ते कलम म्हणून पाठ करतात. सर त्याच्यावर संसार करत होते.

"नागपूरले शेत जात नाही," ते म्हणायचे. "नागपूरले रडणं जात नाही. नागपूरले फक्त प्रश्न जाते."

संसार करत होते हे मी उगाच म्हणत नाही. त्यांच्या घरी सून म्हणजे खालचं कोर्ट, काकू म्हणजे पहिलं अपील आणि सर स्वतः हायकोर्ट. एकदा मी जेवायला होते. भाजी खारट झालीय असं त्यांचा मुलगा म्हणाला, सून म्हणाली मुळीच नाही, काकूंनी चाखून सुनेच्या बाजूनं निकाल दिला. मुलानं आशेनं बापाकडे पाहिलं. सर म्हणाले, "भाजी खारट हाये का नाही, हे तथ्य झालं. दोन कोर्टांनी एकमतानं ठरवलं. मी त्यात हात घालत नाही." काकू म्हणाल्या, "हायकोर्टानं जेवून घ्यावं, मले ताटं उचलाचे हायेत." हायकोर्टानं मुकाट्यानं जेवून घेतलं. भाजी खारटच होती.

प्रश्न ते लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. गावातलं एकही लग्न ते चुकवायचे नाहीत, ते पंगतीसाठी असावं असं लोकांना वाटायचं. खरं कारण पत्रिका. जाड, एका बाजूनं कोरी, बेताच्या आकाराची. "जो प्रश्न पत्रिकेवर मावत नाही, तो प्रश्न नाही, तक्रार हाये," असा त्यांचा नियम. त्यामुळे आमच्या फायलींमध्ये वाटणीच्या दाव्यात अचानक गणपती आणि "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" असं निघायचं.

या नियमापायी त्यांनी पुष्कळ पक्षकार घालवले. बोरी अरबचा एक चांगला ऐपतदार गृहस्थ भावाविरुद्ध दोन्हीकडे हरून आला होता. त्याला नागपूरला जायचंच होतं. सरांनी सगळे कागद वाचले, तीन दिवस घेतले आणि फाईल परत दिली. "तुह्या अपिलात प्रश्न नाही, बापा. राग हाये. रागाले कलम नाही." तो तणतणत दुसऱ्याकडे गेला. काही महिन्यांनी परत आला, पायरीवरच उभा राहून म्हणाला, "साहेब, तीन मिनिटं लागले." सर म्हणाले, "मंग भावाच्या घरी जाऊन चहा पेऊन ये. त्याले त अर्धा तास लागते." तो गेला की नाही मला माहीत नाही. पण सरांबद्दल वाईट बोलायचा थांबला.

इतकं नागपूर नागपूर करणारा हा माणूस त्या कोर्टात एक शब्दही कधी बोलला नव्हता. तिथलं काम इंग्रजीत. सर इंग्रजी निकाल असे वाचायचे की स्वल्पविरामसुद्धा सुटायचा नाही. पण बोलायला उभे राहिले की जीभ टाळूला चिकटायची. त्यामुळे प्रश्न इथं घडायचा, नागपूरचे एक वकीलमित्र तो तिथं मांडायचे, आणि सर शेवटच्या बाकावर बसून ऐकायचे. कोट कापडी थैलीत घालून न्यायचे आणि फाटकाशी अंगावर चढवायचे. मी एकदा म्हटलं, "सर, तुम्हीच का नाही बोलत?" तर म्हणाले, "स्वयंपाक करणारानं वाढलंच पाहिजे का?" मला पटलं नाही. ते लाजत होते, आणि त्यांना लाजताना पाहून मला वाईट वाटायचं.

आता धर्मीबाईचं सांगते. सर मला पुरते कळले ते तिच्या दाव्यात.

धर्मीबाई बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. नवरा साप चावून गेलेला, चार एकर शेत तिच्या नावावर, घरात म्हातारा सासरा भीमला. शेतात जायची गाडीवाट शेजाऱ्याच्या धुऱ्याला लागून होती. शेजाऱ्याचं नाव घेत नाही. त्याची नातवंडं आता माझेच पक्षकार आहेत. तर त्यानं एका हंगामात वाटेवर आडवा चर खणला आणि वर काट्या टाकल्या. बैलगाडी बंद. कापूस वेचून झाला की बायांनी गाठोडी डोक्यावर घेऊन नाल्यातून, गुडघाभर चिखलातून अर्धा कोस चालायचं. नाल्यात पाणी असलं की कापूस शेतातच पडून भिजायचा, डागी व्हायचा. ज्या वर्षांत पांढऱ्याशुभ्र कापसाला कुणी विचारत नव्हतं, त्या वर्षांत डागी कापसाला कोण विचारणार?

दावा साधा होता. वीस वर्षं उघडपणे, कुणाच्या परवानगीशिवाय, न अडता वाट वापरली हे सिद्ध केलं की वाट तुमची. धर्मीबाईनं साक्ष दिली, चांगली दिली. पण ती लग्न होऊन तांड्यावर आली त्याला सोळाच वर्षं झालेली. तिच्या आधीचं सांगणारा एकच माणूस हाताशी होता, तो भीमला. ऐंशीच्या पुढचा. उभी हयात त्याच वाटेनं गाडी हाकलेला.

भीमला तीन तारखांना आला. पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर. दुसऱ्या तारखेला वकिलांचा संप. तिसऱ्या तारखेला एक फौजदारी प्रकरण दुपारपर्यंत संपेना. वैशाखाचं ऊन, आमच्याकडचं ऊन, ते काही सांगायला नको. म्हातारा कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली बसून होता आणि सावली सरकत सरकत त्याच्या अंगावरून निघून गेली होती, तरी तो जागचा हलला नव्हता. वकिलानं इथंच बस म्हटलं होतं म्हणून. सर बाहेर आले आणि त्याला पाहून थांबले. हाताला धरून उठवलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं, डोक्यावर ओला रुमाल ठेवला आणि जीपमध्ये बसवून दिलं. म्हणाले, "बाबा, आता येऊ नको. मी पाहून घेतो."

मग आत येऊन मला म्हणाले, "पुरसिस लिही. वादीचा पुरावा संपला."

पुरसिस म्हणजे वकिलानं कोर्टाला लिहून द्यायची चिठ्ठी. ती दिली की आपल्या साक्षीदारांचं दार बंद. मी नवखी होते, पण एवढं कळत होतं. "सर, वीस वर्षं सांगणारा तोच एक आहे."

"पुढच्या तारखेले आणला त मरन तो इथं," सर म्हणाले. "लिही."

मी लिहिली. अक्षर माझं आहे त्या चिठ्ठीवर.

तालुक्याच्या कोर्टानं धर्मीबाईच्या एकटीच्या साक्षीवर दावा मंजूर केला तेव्हा सर आठवडाभर मिशीला हात लावत फिरत होते. चर बुजला, एक हंगाम गाडी चालली. शेजारी अपिलात गेला. पुढच्या उन्हाळ्यात भीमला वारला, आपल्या घरी, आपल्या खाटेवर.

अपील चाललं होतं तो काळ म्हणजे कापसाचा सगळ्यात वाईट काळ. भाव नाही, बोंडअळी, आणि जिल्ह्याचं नाव रोज टीव्हीवर. मोठ्या शहरांतून गाड्या यायच्या, बायांच्या तोंडासमोर माईक धरायच्या आणि निघून जायच्या. एक जण ज्येष्ठ वकिलाचं मत घ्यायला कोर्टाच्या कँटीनमध्ये आला. सरांनी त्यालाच विचारलं, "सकाळपासून किती बायांना भेटला? काय विचारलं त्यांना?" तो म्हणाला, "त्यांना कसं वाटतं, ते." सर म्हणाले, "तिले विचारा, वेचलेला कापूस ती कोणत्या वाटेनं बाहेर काढते. एवढा एकच प्रश्न विचारा. पाहा काय काय निघते ते." त्यानं माईकची वायर गुंडाळली. मी तेव्हा हसले होते. त्याच आठवड्यात अपिलाचा निकाल आला आणि माझं हसणं गेलं.

धर्मीबाई हरली होती. निकालात म्हटलं होतं की वीस वर्षांची वहिवाट सिद्ध होत नाही. वाटेबद्दल जुनं सांगू शकेल असा एकही साक्षीदार वादीनं तपासला नाही.

सरांनी निकाल उभ्यानंच वाचला. मग बसले. "हे वाक्य माह्यासाठी लिहिलं हाये," म्हणाले. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही, आणि सर चहा सोडतात म्हणजे काय हे माहीत असलेल्या माणसालाच कळेल.

धर्मीबाई आली तेव्हा त्यांनी तिला एवढंच सांगितलं की आपण हरलो, वर जाऊ. कशामुळे हरलो ते सांगितलं नाही. ती गेल्यावर मी फटकन म्हटलं, "सर, तिला खरं सांगायला पाहिजे होतं."

"सांगीन. पहिले प्रश्न सापडू दे. चूक सांगून हात रिकामे दाखवले त तिनं काय कराव?"

मला ती पळवाट वाटली. अजूनही थोडी वाटते. माणसावर जीव असला म्हणून त्याचं सगळं गोड मानायचं असं थोडंच आहे?

नागपूरला जायला नव्वद दिवसांची मुदत असते. त्यातले दोन महिने सर पत्रिका खरडत होते. वाट आहे की नाही हे तथ्य, ते जिल्ह्याला संपलं. साक्षीदार तपासला नाही हे खरं, आणि आता तो तपासायला जगात उरला नव्हता. लिहायचे, वाचायचे, फाडायचे. एकदा केर काढताना टोपलीत मला एक पत्रिका अखंड सापडली. मागे लिहिलं होतं, "म्हातारा साक्षीदार उन्हात बसला असता त्यास घरी पाठविणे, हा वकिलाचा दोष होतो काय?" आणि खाली बारीक अक्षरात, "होय. पण हा कायद्याचा प्रश्न नव्हे." मी ती टोपलीत परत टाकली आणि बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं.

मुदतीचे पंधरा-वीस दिवस राहिले होते, तेव्हा बाजाराच्या दिवशी धर्मीबाई आली. काट्या पुन्हा पडल्या होत्या. सरांनी तिला बसवलं आणि सवयीनं, पण पेन वर न धरता, हळू विचारलं, "बाई, नागपूरच्या जजले तुले एकच गोष्ट विचारता आली, त काय विचारशीन?"

ती म्हणाली, "जजले कायले विचारू? मी त याले विचारीन, धुऱ्यावाल्याले. तुह्या बापानं हे वावर इकत घेतलं, तवा पहिल्या दिवशी तो गाडी घेऊन कोणत्या वाटेनं आला होता? त्याच्या वावराले तरी दुसरी वाट कुठी होती? आता त्यानं रोडाकडचा तुकडा घेतला, म्हणून ही वाट त्याले नको झाली."

सर उठले. "निशाणी चौतीस काढ," मला म्हणाले.

निशाणी चौतीस म्हणजे शेजाऱ्याच्या बापाचं खरेदीखत. शेजाऱ्यानंच दाखल केलेलं, आपली मालकी दाखवायला. मालकी कुणी नाकारतच नव्हतं, म्हणून तो कागद आम्ही कुणी नीट पाहिलाच नव्हता. आमच्याकडे ही खोड आहे: समोरच्याच्या खरेदीखतात गट नंबर पाहायचा, क्षेत्र पाहायचं आणि पान उलटायचं. चतुःसीमा, म्हणजे शेताच्या चार बाजूंना काय काय आहे, ते वाचायचं नाही. त्यात काय असणार, अमक्याचं शेत नि तमक्याचा नाला. वर हा दस्त कुणा दस्तलेखकानं मुंग्यांसारख्या अक्षरात लिहिलेला. सरांनी भिंग घेतलं. पूर्वेस अमुक, दक्षिणेस नाला. आणि पश्चिमेस "गाडीवाट, व त्यापलीकडे भीमला याचे शेत."

खरेदीखत चाळीस वर्षांपूर्वीचं होतं.

सरांनी मला तीनदा वाचायला लावलं. मग धर्मीबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग हे पहिलेच काहून नाही वाचलं?" अगदी साधेपणानं विचारलं तिनं. सर भिंग पुसत बसले. त्यांच्या दोन चुका झाल्या होत्या, एक दयेची आणि एक आळसाची, आणि दुसरी त्यांना जास्त लागली होती.

पण प्रश्न सापडला होता. तो पत्रिकेवर मावला, वर जागा उरली. वाट जुनी असल्याचं प्रतिवादीच्याच दस्तात लिहिलेलं असताना, तो दस्त विचारात न घेता वहिवाट सिद्ध नाही असं ठरवणं कायद्यानं बरोबर आहे काय? वाट होती की नव्हती हे यात विचारलेलंच नाही. पुरावा समोर असून तो न बघता ठरवता येतं का, एवढंच विचारलं आहे. असा प्रश्न नागपूरला जातो.

अपील पहिल्यांदा सुनावणीला आलं त्या दिवशी आम्ही दोघं पहाटेच्या एसटीनं निघालो. धर्मीबाई येणार नव्हती, वेचणी चालू होती. कोर्टात नागपूरचे वकील उभे राहिले, त्यांनी दस्त दाखवला. न्यायमूर्तींनी तो स्वतः वाचला, आणि मग नेमकं नको ते विचारलं: वाट इतकी जुनी होती तर एकही जुना साक्षीदार का नाही? आणि हा दस्त खालच्या अपिलात दाखवला का नाही?

नागपूरचे वकील हुशार होते. साक्षीदार वृद्ध होता, तारखा पडत गेल्या, वगैरे त्यांनी सुरू केलं. आधीच आम्हाला बजावलं होतं की हा विषय निघाला तर मी सांभाळतो. माझ्या शेजारचा बाक करकरला. पाहते तर सर उभे.

"माय लॉर्ड," ते म्हणाले. पुढे काही येईना. सगळं कोर्ट मागे वळून पाहत होतं. "माय लॉर्ड, आय वॉज द लॉयर. विटनेस केम थ्री टाइम्स. आय सेंट हिम होम. डॉक्युमेंट आय डिड नॉट रीड. फॉल्ट इज माइन. नॉट हर्स."

नागपूरच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. न्यायमूर्ती सरांकडे पाहून मराठीत म्हणाले, "बसा वकीलसाहेब. चूक तुमची असेल, कागद त्यांचा आहे."

आणि प्रश्न लिहून घेतला. दोन शब्द बदलले, बाकी पत्रिकेवरचाच.

परतीच्या एसटीत सर खिडकीशी बसले होते. मला अभिमानानं काही सुचत नव्हतं, तर हे आपले उदास. मी म्हटलं, "आता काय झालं? भर कोर्टात कबूल केलंत तुम्ही." म्हणाले, "तठी इंग्रजीत होतं. बाईले मराठीत सांगा लागीन."

आणि सांगेनात. सेकंड अपील म्हणजे काही तिसऱ्या दिवशी निकाल नव्हे. शेजाऱ्याला नोटीस गेली, त्याचा वकील आला, तारखा पडल्या. मधे दोन कापूस गेले, दोन्ही डोक्यावरून नाल्यातून. धर्मीबाई बाजाराच्या दिवशी यायची, विचारायची, जायची. तांड्यातलाच एक शिकलेला नातेवाईक तिच्यासोबत एकदा आला होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला की आम्ही हिला किती दिवसांपासून सांगून राह्यलो, फाईल काढून दुसऱ्या वकिलाकडे दे, पण ही ऐकत नाही. मी ते सरांना सांगितलं. ते म्हणाले, "बराबर सांगते तो." प्रत्येक खेपेला ती गेली की मी सरांकडे पाहायची आणि सर फायलीत डोकं घालायचे. एकदा मी रागानं दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी काकूंच्या हातचे सांडगे माझ्या डब्यात ठेवले, पण धर्मीबाईला काही सांगितलं नाही.

शेवटी निकाल आला. अपील मंजूर. जिल्ह्याचा निकाल रद्द, तालुक्याचा कायम. वाट धर्मीबाईची, पुन्हा अडवायची नाही. सरांच्या गुडघ्यांनी तेव्हा संप केला होता, ते घरीच असायचे. नक्कल घेऊन मी घरी गेले आणि धर्मीबाईला तिथंच बोलावून घेतलं. काकूंनी ओसरीवर सतरंजी टाकली.

सरांनी निकाल तिला मराठी करून सांगितला. प्रश्न सांगितला, दस्ताचं सांगितलं, वाट तिची झाल्याचं सांगितलं. तिनं दोन्ही हात कपाळाला लावले. मला वाटलं झालं, सुटले सर. पण त्यांनी पान मागे उलटलं.

"याच्यात अजून एक वाक्य हाये. वादीतर्फे जुना साक्षीदार तपासला गेला नाही हे खरे आहे, असं लिहिलं हाये." मग चष्मा काढून हातात धरला. "बाई, तो साक्षीदार म्हणजे तुहा सासरा. त्याले मी घरी धाडलं. कोर्टाले मीच लिहून देल्लं का आमचा पुरावा संपला. त्याची साक्ष झाली असती त तू जिल्ह्याले हरली नसती. तुहे दोन कापूस माह्यापायी नाल्यातून गेले. हे मी तुले तवाच सांगाले पाहिजे होतं. हिंमत झाली नाही."

काकू दारात थांबल्या.

"मले माहीत हाये, साहेब," धर्मीबाई म्हणाली.

सरांनी मान वर केली.

"बाबा त्याच दिवशी घरी येऊन सांगत होता. वकिलानं मले उनातून उठवलं, आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं, अन् म्हणाला आता येऊ नको. मरेपर्यंत सांगे, येईन त्याले सांगे. हरलो तवा तांड्यातले मले म्हणत, त्यायनंच तुही केस बुडवली, फाईल काढ. मी म्हणलं, तीन दिवस माहा म्हातारा कोर्टात झाडाखाली बसला. येणारे-जाणारे एवढे लोक, कोणी त्याच्याकडे पाह्यलं नाही. एका माणसानं पाह्यलं. त्याच्याजवळून फाईल कायले काढू?"

काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि त्या आत चहा ठेवायला गेल्या. धर्मीबाईनं निकालाची नक्कल नीट घडी करून पिशवीत ठेवली, उठली, आणि निघता निघता विचारलं, "मंग साहेब, उद्या गाडी काढू ना त्या वाटेनं?"

"काढ माय," सर म्हणाले, आणि आमच्या दोघींच्या समोर लहान मुलासारखे रडले.